आकडा, अर्थ आणि उत्तर

तापी नदी आणि सुरतेचा मराठी माणूस या दोघांची वाट एकच आहे. नदी मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावते, भुसावळ आणि प्रकाशे यांच्या अंगाने खानदेश ओलांडते, उकाईच्या धरणात घडीभर विसावते आणि मग आमच्या शहराला वळसे घालीत समुद्राला मिळते. माणसेही त्याच खोऱ्यातून, भुसावळ-सुरत लोहमार्गाने आली. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतली किती तरी कुटुंबे या वाटेने इकडे येऊन लूमच्या खात्यांत कामाला लागली आणि लिंबायत, दिंडोली, उधना, पांडेसरा या वस्त्यांत स्थिरावली. महापालिकेच्या प्राथमिक शाळा ज्या अनेक माध्यमांतून चालतात, त्यांत मराठीही आहे. मी स्वतः भुसावळची माहेरवाशीण. लग्नानंतर सुरतेची झाले. तेव्हा राज्यकारभाराविषयी चार शब्द लिहायला बसले असता माझ्या मनात आधी नदी यावी, याचे वाचकांना नवल वाटू नये.

अलीकडे ‘खुला कारभार’, ‘ई-शासन’, ‘लोकसहभाग’ हे शब्द वरचेवर कानी पडतात. सरकारी कामे संगणकावर आली, घरपट्टी घरबसल्या भरता येऊ लागली, जन्माचा दाखला मोबाईलवर मिळू लागला, याचे कौतुक सर्वांनाच आहे आणि ते योग्यही आहे. परंतु घरपट्टी सुखाने भरता येणे ही सोय झाली. कारभार खुला झाला की नाही, हे त्यावरून कळत नाही. माझ्या मते त्याची परीक्षा पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री होते. तळमजल्यावर राहणारी बाई जागी असते, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि तिच्या मनात एकच प्रश्न असतो : पाणी माझ्या दारापर्यंत येणार का, आणि येणार असेल तर केव्हा? या प्रश्नाचे खरे उत्तर सरकारातल्या कोणाला तरी ठाऊक असते. ते तिच्यापर्यंत किती वेळात आणि कोणत्या भाषेत पोहोचते, यावर त्या कारभाराचा खुलेपणा मोजावा.

पूर्वी हे उत्तर मिळवण्याचे मार्ग ठरलेले होते. आकाशवाणीच्या बातम्या, दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र, पोलिसांच्या जीपवरचा कर्णा, आणि होप पुलावर जाऊन पाणी पाहून आलेला शेजारचा मुलगा. हा पूल १८७७ सालचा. त्याच्याजवळची पाण्याची पातळी ही पिढ्यानपिढ्या सुरतकरांची नाडी होती. साडेनऊ मीटर ही तिथली धोक्याची खूण. पुढे शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर उकाईचे धरण उभे राहिले. १९७२ साली ते पूर्ण झाले. तेव्हापासून शहराचे भवितव्य पुष्कळ अंशी धरणावरच्या नोंदवहीत लिहिले जाऊ लागले. पाण्याची पातळी किती, वरून येणारे पाणी किती, खाली सोडलेले किती, या नोंदी नेमाने होत. मात्र ज्यांच्या उंबऱ्याशी ते पाणी येऊन थडकणार, त्यांच्या दृष्टीस ती वही पडत नसे. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. सरकारी कागद सरकारी कपाटात असायचा, हीच त्या काळची रीत होती, आणि आपल्यालाही तिच्यात काही वावगे वाटत नव्हते.

१९६८, १९९४ आणि १९९८ हे पूर जुन्या सुरतकरांच्या बोलण्यात येतात. माझ्या संसाराने पाहिलेला पूर २००६ चा. ७ ऑगस्ट, सोमवार. राखीपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे समुद्राची भरतीही मोठी. आम्ही त्या वेळी अडाजण भागात तळमजल्यावर राहत होतो. आमच्या गल्लीत एका सकाळी तीन बातम्या फिरल्या. पाणी ओसरू लागले आहे ही पहिली, आणखी पाणी सोडणार आहेत ही दुसरी, आणि धरण फुटले ही तिसरी. सांगणारे तिघेही सज्जन होते, तिघांनीही ऐकलेलेच सांगितले. कोणी म्हणाले, “सात लाख सोडलंय.” सात लाख म्हणजे काय सात लाख, आणि ते जास्त की कमी, हे त्या घोळक्यात एकालाही सांगता आले नसते.

पुढचे सारे अर्ध्या तासात घडले. गटाराच्या झाकणातून पाणी वर आले, मग रस्त्याने आले, मग दारातून. वरच्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी जिन्यातून हाक दिली, “बेन, उपर आवी जाव!” आणि आम्ही हाताला लागेल ते घेऊन वर धावलो. मुलीची प्रमाणपत्रे, डाळतांदळाचे दोन डबे, सासूबाईंची औषधे एवढे वाचले. शिवणाचे यंत्र, पुस्तके, सासऱ्यांच्या हातच्या मोडीतल्या वह्या खालीच राहिल्या. दोन खोल्यांत चार कुटुंबे तीन दिवस राहिली. भाभींनी त्या दिवसांत आम्हाला परके म्हणून वागवले नाही, ही आठवण पुराइतकीच पक्की आहे.

त्या वेळी उकाईतून सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकांच्या घरात गेले, होप पुलाजवळची पातळी बारा मीटरांच्या वर चढली, शहराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला आणि शंभरावर माणसे दगावली. धरणात आधी किती पाणी साठवायला हवे होते, ते केव्हा सोडायला हवे होते, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्यात शिरण्याचा माझा अधिकार नाही. माझा मुद्दा गृहिणीचा आहे. अर्ध्या तासात माणूस जीव वाचवतो. सहा तास मिळाले तर संसार वाचवतो. हे सहा तास देणारी माहिती कोठे तरी लिहिलेली असते. ती उघड्यावर असणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

योगायोग असा, की त्या पुराच्या दहाच महिने आधी, १२ ऑक्टोबर २००५ रोजी, माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू झाला होता. त्या कायद्याविषयी बोलताना आपण बहुधा अर्जाविषयी बोलतो : अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर मिळावे, आणि प्रश्न कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत मिळावे. पुराचे पाणी अठ्ठेचाळीस तास थांबत नाही. म्हणून त्याच कायद्यातले चौथे कलम मला अधिक मोलाचे वाटते. लोकांना अर्ज करण्याची पाळीच कमीत कमी यावी, यासाठी प्रत्येक कार्यालयाने आपल्याजवळची माहिती आपण होऊन, आणि इंटरनेटसारख्या साधनांनीही, लोकांपुढे मांडत राहावे, असे ते कलम सांगते. माहिती मागितल्यावर देणे आणि मागण्यापूर्वी मांडणे यांत मोठे अंतर आहे. पाहुण्याने मागितल्यावर पाणी देणारे घर आणि तो टेकताच तांब्या पुढे करणारे घर, यांतला फरक आपल्या बायकांना वेगळा समजावून सांगायला नको.

त्या पुरानंतर सुरतेत हे मांडणे हळूहळू सुरू झाले. हवामानबदलाला तोंड देऊ पाहणाऱ्या आशियातील शहरांसाठी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने एक कार्यक्रम चालला. त्यात सुरत होते. त्यातून उकाईच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि पाणी मोजून शहराला आगाऊ इशारा देण्याची व्यवस्था उभी राहिली. महापालिकेच्या संकेतस्थळावर पावसाळ्यात उकाईची पातळी, तीत येणारे पाणी, सोडलेले पाणी आणि शहरातल्या कॉजवेपाशी असलेली पातळी दिसू लागली. एके काळी नोंदवहीत बंद असलेले आकडे आता माझ्या हातातल्या मोबाईलवर येतात. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला जो आनंद झाला, तो घरपट्टी घरबसल्या भरता आली त्या दिवशी झाला नव्हता.

आनंद ओसरल्यावर मात्र ध्यानात आले, की आकडा दिसतो, पण बोलत नाही. पातळी फुटांत, कॉजवे मीटरांत, पाणी क्युसेकांत. इंग्रजी शब्द, तांत्रिक मांडणी. मग मी शाळकरी मुलीसारखी वही घेऊन बसले. वाचकभगिनींसाठी त्या वहीतले थोडे इथे उतरवते. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. अठ्ठावीस लिटरांहून थोडे अधिक, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. त्या हिशेबाने नऊ लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे अडीच कोटी लिटर. धरणात येणारे आणि जाणारे पाणी यांना मी आपल्या कचेरीतलेच शब्द दिले : आवक आणि जावक. आवक जावकीपेक्षा मोठी असली की पातळी चढणार, हे मग चौथीतल्या मुलालाही कळते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट आहे. पण पावसाळ्यात धरण लगेच तेवढे भरायचे नसते. कोणत्या तारखेला पाणी किती उंचीपर्यंतच साठवावे याचे कोष्टक ठरलेले असते. इंग्रजीत त्याला ‘रूल लेव्हल’ म्हणतात, आपण नियमपातळी म्हणू. दूध तापवताना पातेले काठोकाठ भरत नाहीत; उतू येण्याला जागा ठेवतात. तशीच ही जागा येणाऱ्या पुरासाठी राखलेली. आता पाहा, नुसती ‘आजची पातळी ३३४ फूट’ या वाक्यातून मला काही कळत नाही. आजची नियमपातळी किती हे शेजारी लिहिले, तर तेच वाक्य बोलू लागते. पातळी नियमापेक्षा वर आणि आवक वाढती, तर पाणी सोडावे लागणार. बाजरीची कोठी आजच वर चढवावी. पातळी नियमाच्या खूप खाली, तर खुशाल झोपावे. आकड्याला अर्थ मिळाला की नागरिकाला निर्णय घेता येतो. आणखी एक गोष्ट होते. नियम सर्वांना ठाऊक असला, की तो पाळला गेला की नाही हेही सर्वांना दिसते. सरकारवर असे हजारो डोळे असणे हे सरकारच्याही हिताचे आहे. वेळेवर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांच्याइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही.

भाषेचा प्रश्न यातच येतो. मघाच्या चौथ्या कलमात असेही म्हटले आहे, की माहिती पोहोचवताना स्थानिक भाषेचा विचार करावा. केंद्रीय जल आयोगाने २०२३ साली ‘फ्लडवॉच’ नावाचे अॅप काढले. देशभरातल्या नद्यांचा पूर त्यात पाहता येतो आणि ही सोय मोठीच आहे. सुरू झाले तेव्हा त्यात इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषा होत्या. तापीच्या काठी सर्वांत अधिक बोलल्या जाणाऱ्या मराठी आणि गुजराती त्यांत नव्हत्या. लिंबायतमधली बारा तासांची पाळी करून आलेला लूमकामगार आणि त्याची बायको यांना ‘इनफ्लो’ आणि ‘आउटफ्लो’ यांतला भेद रात्री अकरा वाजता कोण सांगणार?

हे काम कोणी करावे, यावर आमच्या भगिनी मंडळात एकदा बरीच चर्चा झाली. सरकारनेच करावे असे काही जणींचे म्हणणे. ते खरेही आहे. पण तोवर काय? अखेर मंडळातल्या एका तरुण सुनेने ते अंगावर घेतले. पावसाळ्यात रोज संध्याकाळी ती मोबाईलवर मराठीत चार ओळी लिहून वस्तीतल्या बायकांना पाठवते : पातळी इतकी, नियमपातळी इतकी, आवक इतकी, जावक इतकी. पाचव्या ओळीत माहिती कोठून घेतली आणि किती वाजताची आहे, हे असते. तिचा नियम एकच. जिच्यावर वेळ आणि ठिकाण नाही, अशी कोणतीही बातमी पुढे पाठवायची नाही. भुसावळहून माझा भाऊ फोन करतो, “ताई, हतनूरचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दरवाजे उघडलेत गं.” ही बातमी खरीच असते, पण तीसुद्धा सरकारी नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही. मोबाईलने अफवेला पंख दिले हे खरे. त्याच मोबाईलने अफवेला ओळखण्याची चाळणीही दिली आहे. त्या चार ओळींना एकदा उत्तर आले, “मावशी, मग आज बाजरी वर ठेवू का?” खुल्या कारभाराची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

याच गोष्टीची मोठी आवृत्ती तैवानने २०२० साली जगाला दाखवली. साथीच्या आरंभी मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला, तेव्हा तेथील सरकारने कोणत्या औषधाच्या दुकानात किती मुखपट्ट्या शिल्लक आहेत हे आकडे खुले केले, आणि संगणक जाणणाऱ्या साध्या नागरिकांनी त्यांवरून नकाशे तयार करून लोकांच्या हाती दिले. आकडा सरकारचा, अर्थ लोकांनी लावलेला. सगळे सरकारनेच करावे असाही हट्ट नाही आणि सरकारने काहीच दाखवू नये असेही नाही, अशी ही मधली वाट आहे.

आतापर्यंत मी सरकारकडून लोकांकडे येणाऱ्या माहितीविषयी लिहिले. उलट दिशेची वाटही तितकीच महत्त्वाची आहे. तापी शांत असताना, उकाईचे दरवाजे बंद असतानादेखील लिंबायतच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. ते मिठी खाडीचे पाणी असते. शहरात आणि आसपास पडलेला पाऊस तिला फुगवतो. धरणाचा आकडा या पाण्याविषयी काही सांगत नाही. कोणत्या कोपऱ्यावर ते पहिल्याने चढते, कोणत्या नाल्याचे तोंड कचऱ्याने बुजलेले आहे, हे तिथे राहणाऱ्या माणसाला ठाऊक असते. त्याने मोबाईलवरून काढलेले छायाचित्र अभियंत्यापर्यंत पोहोचले, तर त्या अभियंत्याला वस्तीतल्या शंभर डोळ्यांनी पाहता येईल. इंग्लंडात २००७ साली ‘फिक्स माय स्ट्रीट’ नावाची सोय निघाली, तिच्यात रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार नकाशावर सर्वांना दिसेल अशी नोंदवली जाते. शेजाऱ्याने तीच तक्रार पुन्हा करायला नको, आणि ती केव्हा केली होती हे कोणाला लपवता येत नाही.

गुजरातेत याचा आरंभ बराच आधी झाला होता. २४ एप्रिल २००३ रोजी ‘स्वागत’ हा उपक्रम सुरू झाला. महिन्याच्या चौथ्या गुरुवारी मुख्यमंत्र्यांनी तक्रारदारांचे म्हणणे स्वतः ऐकावे, आणि त्याच वेळी संबंधित जिल्ह्याचे अधिकारी पडद्यावर समोर असावेत, अशी ती योजना. २०१० साली तिला संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात घ्यायची कामे नागरिकांकडून सुचवून घेण्याची प्रथा पाडली. तेव्हा लोकांचे ऐकावे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही.

तरीही ऐकणे आणि उत्तर देणे यांच्यामध्ये एक फसवी पायरी आहे, आणि तिचा अनुभव मला एका नातलगांच्या घरी आला. गावाचे नाव सांगत नाही. त्यांच्या गल्लीतली जलवाहिनी फुटून गढूळ पाणी येत होते. त्यांनी एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर रीतसर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पोच मिळाली. चौथ्या दिवशी मोबाईलवर संदेश आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ संदेश वाचत असताना आम्ही गाळून, उकळूनही पिवळसर दिसणारे पाणी पीत होतो. जुन्या कचेरीत निदान कारकुनाच्या तोंडाकडे पाहता येई, ‘साहेब, निकाल लागला तो कोणता?’ असे विचारता येई. पडद्याला काय विचारणार? वाहिनी पुढे तीन आठवड्यांनी दुरुस्त झाली, ती चार बायका हंडे घेऊन प्रत्यक्ष जाऊन बसल्यावर.

तेव्हापासून मी एका गोष्टीचा आग्रह धरते. तक्रार मिटली असे म्हणण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्याचा असावा. कार्यालयाने ‘काम केले’ एवढेच लिहावे; ‘मिटले’ हे नागरिकाने लिहावे, आणि दोन्ही नोंदी सर्वांना दिसाव्यात. दक्षिण कोरियाची राजधानी सोल हिने १९९९ साली परवान्यांच्या अर्जांबाबत याच जातीची सुधारणा केली. कोणाचा अर्ज कोणत्या टेबलावर, कधीपासून आहे, हे संगणकावर खुले केले. हेतू हा, की मधल्या टेबलावर अर्ज अडवून हात ओले करून घेण्याची सोय राहू नये. अर्ज कोठे अडला हे सर्वांना दिसू लागले, की अडवणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. एवढी साधी गोष्ट. पण ती यंत्राने आपोआप होत नाही, कोणी तरी ठरवावी लागते.

यंत्राच्या मर्यादेचा विचार करताना मला सुरतेचाच जुना दाखला आठवतो. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. भुसावळच्या गाडीला लटकलेली माणसे मी पाहिली आहेत. पुढल्या वर्षी श्री. एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी वातानुकूलित खोल्यांतून बाहेर काढून रस्त्यांवर आणले, कामाची जबाबदारी विभागांवर वाटून दिली आणि तक्रारीला मुदत लावली. थोड्याच काळात हेच शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. तेव्हा कोणाच्या हाती मोबाईल नव्हता. आमच्या गल्लीत रोज सकाळी साहेब दिसतो, त्याला थांबवून विचारता येते, हेच त्या काळचे संकेतस्थळ होते. ज्या सरकारला ऐकायचे आहे त्याच्या हाती संगणक आला तर त्याचे कान शंभर होतात. ज्याला ऐकायचेच नाही, त्याला त्याच संगणकाने ‘निकाली’ हा शब्द अधिक जलद पाठवता येतो.

आणखी एक काळजी मनात आहे. आपल्यातली वडीलधारी मंडळी, अक्षरओळख नसलेल्या बायका, एकाच मोबाईलवर पाच माणसांचे चालवणारे घर, यांचे काय? खिडकी बंद करून ‘आता सारे मोबाईलवर’ असे सांगणे म्हणजे यांच्यापुरता कारभार पूर्वीपेक्षाही अधिक बंद करणे होय. नवी वाट उघडावी, पण जुनी खिडकी आणि तिच्यामागे बसलेला माणूस राहू द्यावा. पूर येतो तेव्हा वीज जाते आणि मोबाईलही मुके होतात. त्या वेळी जीपवरचा कर्णाच कामी येतो.

हे सारे सुरतेपुरते आहे असे अन्य नगरांतल्या वाचकांनी मानू नये. बडोदेकरांना विश्वामित्रीचा ऑगस्ट २०२४ चा पूर आठवत असेल. आजव्याच्या तलावाची पातळी त्या दिवसांत घराघरांत विचारली जात होती. इंदूर, हैदराबाद, बंगळूर, जिथे जिथे आपली घरे आहेत तिथे एखादी नदी, एखादा तलाव, एखादा नाला असेलच, आणि त्याचा आकडा कोठे तरी नोंदला जात असेल. आपण परप्रांतात राहणारी माणसे. स्थानिक भाषा आपल्याला येते, घरात मराठी आहे, मुलांना संगणकाचे ज्ञान आहे. आकड्यापासून अर्थापर्यंत पूल बांधायला लागणारे सारे साहित्य आपल्या घरांत पडलेले आहे. परप्रांतात आपण सरकारकडे बहुधा पाहुण्यासारखे पाहतो. दिले तर घ्यावे, नाही तर गप्प राहावे. चाळीस-पन्नास वर्षे कर भरून, मुले इथल्या शाळांत शिकवून, पूर आणि साथी सोसून आता हा संकोच सोडायला हवा.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. आपापल्या मंडळाने पावसाळ्याच्या तोंडावर एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. हळदीकुंकवाइतकाच वेळ लागेल. एखाद्या मुलाने वा सुनेने शहराचे संकेतस्थळ उघडून दाखवावे, एखाद्या निवृत्त अभियंत्याने आकड्यांचा अर्थ सांगावा, आणि जमलेल्यांनी तीन प्रश्न लिहून काढावेत : आपल्या वस्तीचा कोणता आकडा उघड आहे, त्याचा अर्थ आपल्या भाषेत मिळतो का, आणि आपण काही विचारले तर उत्तर कोण देतो? ज्या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही, तो कागदावर लिहून, मंडळाच्या सहीने, त्या कार्यालयात नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी.

आमच्या मंडळाने नियमपातळीचे कोष्टक मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि गुजरातीत लिहून काढले आहे. यंदा ते वस्तीतल्या किराणा दुकानांच्या भिंतींवर लागेल. वरच्या मजल्यावरच्या त्या भाभी आता दुसऱ्या भागात राहायला गेल्या आहेत. एक प्रत त्यांनीही मागून घेतली आहे.